शेवटचा रकाना: उत्तर जपानच्या आडवाटांवर 22 रात्रींचं नियोजन

जपानच्या पर्यटक व्हिसासाठी अर्जासोबत दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता द्यावा लागतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्क, आणि शेवटच्या रकान्यात रात्रीचा मुक्काम. हॉटेलं घेऊन फिरणाऱ्याचा तो रकाना दहा मिनिटांत भरतो. आम्ही कॅम्पर व्हॅन घेऊन फिरणार होतो, त्यामुळे तिथे लिहायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

"लिही की, गाडीतच झोपणार म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"आणि गाडी कुठे झोपणार?" नवऱ्याने विचारलं.

बाकीचे रकाने आम्ही एका संध्याकाळी भरले. शेवटच्या रकान्याला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत काय ठरलं आणि 2025 च्या मे महिन्यात प्रत्यक्ष रस्त्यावर त्यातलं काय टिकलं, त्याचं हे टिपण.

प्रवासी तीन. मी, नवरा आणि सासूबाई: वय 68, गुडघे कुरकुरणारे, पक्क्या शाकाहारी, माहेर डहाणूचं. चौथा माणूस सल्लागार. माझे दीर टोकियोत निशिकासाईला राहतात. त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. त्यांना जपानी वाचता येतं आणि आमचे मनसुबे मोडून काढण्यात त्यांचा हातखंडा आहे.

पहिला मनसुबा त्यांनी फोनवरच मोडला. टोकियोहून क्योतो, हिरोशिमा, शिकोकूतली इया दरी, क्यूशूतला आसो ज्वालामुखी आणि परत. वाटेत वाकायामात कोयासान विद्यापीठात 2015 साली बसवलेला बाबासाहेबांचा पुतळाही पाहायचा होता. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर.

"वहिनी, तुम्ही पुणे-कोल्हापूर हायवेच्या हिशेबाने मोजताय," भाऊजी म्हणाले. "इथल्या साध्या रस्त्यावर तासाला 35 ते 40 धरा. त्यापेक्षा जास्त धरलंत तर रोज अंधारात पोहोचाल."

ते खरं होतं. जपानात द्रुतगती मार्ग सोडला की वेगमर्यादा जास्तीत जास्त 60, गावागावांतून 40, सिग्नल पावलोपावली, आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवून मगच पुढे जायचं. 200 किलोमीटर म्हणजे सरळ पाच-सहा तास. द्रुतगतीने जावं तर टोल खिसा कापतो, आणि ज्या आडवाटांसाठी व्हॅन घ्यायची त्या आडवाटा खालीच राहून जातात. मग आम्ही दिवसाला 130 किलोमीटरची मर्यादा घातली. त्या कात्रीत क्योतो गेलं, क्यूशू गेलं, कोयासानही गेलं. त्याची चुटपुट अजून आहे.

उरला तोहोकू, म्हणजे होन्शू बेटाचा उत्तरेकडचा भाग. जपानी समुद्राच्या काठाने वर चढायचं, टोकाला वळसा घालायचा आणि पॅसिफिकच्या बाजूने खाली उतरायचं. सुमारे 2,200 किलोमीटर. मे महिना निवडायला कारणं होती. गोल्डन वीकची, म्हणजे एप्रिलअखेरच्या लागोपाठ सुट्ट्यांची, गर्दी 5-6 मेला ओसरते, उत्तर टोकाजवळचं ओसोरेझानचं देऊळ 1 मेला उघडतं, आणि तोहोकूत पाऊस साधारण जूनच्या मध्यावर लागतो. खाचरांत पाणी सोडून लावणीही याच दिवसांत चालते. त्या पाण्याचा पुढे एका ठिकाणी फार उपयोग झाला.

गाडीवरून घरात थोडी वादावादी झाली. नवऱ्याला छोटी केई व्हॅन हवी होती: 660 सीसी, 3.4 मीटर लांब, दीड मीटरपेक्षा कमी रुंद, बोळातून सहज जाणारी. दोघांना ती उत्तमच. तिघांत एक गुडघेवालं माणूस असेल तर रात्री कूस बदलायलाही ठराव मंजूर करून घ्यावा लागेल. दुसऱ्या टोकाला ट्रकवर बांधलेलं घर, जवळजवळ तीन मीटर उंच. आम्ही मधली टोयोटा हायएस घेतली. शहरातल्या बऱ्याच पार्किंगना 2.1 मीटरची मर्यादा असते, तिथे हीसुद्धा शिरत नाही. पण आमच्या वाटेवर शहरं नव्हतीच. भाडं दिवसाला 19,800 येन पडलं. 22 दिवसांचे आपले अडीच लाखांच्या वर गेले. व्हॅन म्हणजे स्वस्तातली सहल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रेल्वे आणि साधी हॉटेलं घेऊन तिघांचं जवळपास तेवढ्यातच झालं असतं.

परवान्याचं काम सोपं होतं. जपान 1949 च्या जिनिव्हा कराराखालचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतो आणि भारत त्या करारात आहे, त्यामुळे आरटीओने दिलेली पुस्तिका तिथे चालते. मूळ परवाना आणि पासपोर्ट मात्र सोबत हवाच. रस्ता डाव्या बाजूचा, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे हाताला सगळं ओळखीचं. गोंधळ होतो तो दिव्याच्या भाषेत. आपल्याकडे समोरच्याने अपर-डिपर मारला की "थांब, मी येतोय". तिथे त्याचा अर्थ "तुम्ही व्हा पुढे". पहिल्या दिवशी एका अरुंद पुलावर नवरा आणि एक दुधाचा टँकर एकमेकांना मिनिटभर अदब दाखवत उभे होते.

भाऊजींनी गाडी ताब्यात घेताना एक काम केलं: इंधनाच्या झाकणावर लाल चिकटपट्टी लावली. पंपावर लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी महागड्या हाय-ऑक्टेनची, हिरवी डिझेलची. डिझेलला म्हणतात 'केइयु', हलकं तेल. केई गाडीतलं 'केई' आणि हे 'केई' अक्षर एकच. म्हणून केई गाडी भाड्याने घेणारा पाहुणा नेमका तीच नळी उचलतो. आमची गाडी केई नव्हती, तरी पट्टी लावलीच. "आपल्या घराण्याला मी ओळखतो," ते म्हणाले.

आता तो रकाना.

जपानात व्हॅनने फिरणाऱ्याला पहिल्यांदा सुचतं ते मिची-नो-एकी, म्हणजे रस्त्याकडेचं स्थानक. 1993 पासून सुरू झालेली ही सोय आता देशभर बाराशेच्या वर ठिकाणी आहे. फुकट पार्किंग, 24 तास उघडी स्वच्छतागृहं, आत गावच्या भाज्या आणि लोणची. आम्हीही आधी सगळ्या रात्री तिथेच मांडल्या होत्या. भाऊजींनी नियम वाचून दाखवला: थकवा घालवायला डुलकी चालेल, मुक्कामाच्या हेतूने राहू नये. खुर्च्या मांडणं, छत उघडणं, स्वयंपाक करणं तर नाहीच. डुलकी कुठे संपते आणि मुक्काम कुठे सुरू होतो हे कोणी घड्याळ लावून बघत नाही, म्हणून कितीतरी लोक तिथे रात्र काढतात. पण 22 रात्री डुलक्याच घेणार, असं व्हिसाच्या कागदावर कुठल्या तोंडाने लिहायचं? फुकट मिळतं म्हणून सगळी सहल त्यावर बेतणं मला तरी पटलं नाही. मिची-नो-एकी फक्त अडीनडीला, असं ठरलं.

त्याऐवजी आरव्ही पार्क. जपान आरव्ही असोसिएशनची मान्यता असलेल्या या जागांत ऐसपैस पार्किंग, रात्रभर उघडं स्वच्छतागृह, विजेची जोडणी आणि जवळपास स्नानगृह मिळतं. आम्हाला रात्रीला 2,500 ते 4,000 येन पडले. वीज 100 व्होल्टची, त्यामुळे आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, मिक्सर आणि आपली इलेक्ट्रिक किटली पुण्यातच राहिली. काही वेळा गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नानगृह, हॉटेल किंवा मिची-नो-एकी स्वतःच आपल्या आवाराचा एक कोपरा आरव्ही पार्क म्हणून देतं. तिथे पैसे भरून उजळ माथ्याने झोपता येतं.

अखेर हिशेब असा बसला: एक रात्र भाऊजींकडे, 11 आरव्ही पार्क, सहा कॅम्पिंगची मैदानं आणि चार रात्री चक्क छपराखाली. मुक्काम ठरले आणि दिवस त्यांच्यामागे ओढले गेले. आधी आम्ही काय पाहायचं ते ठरवत होतो आणि मग झोपायला जागा शोधत होतो, म्हणून काहीच जुळत नव्हतं.

सहा कॅम्पिंग मैदानांमागे खरं कारण फोडणीचं होतं. भाड्याच्या करारात एक कलम होतं: गाडीला उग्र वास लागला तर साफसफाईचे पैसे वेगळे. म्हणजे आत फोडणी नाही. बहुतेक आरव्ही पार्कांत गाडीबाहेर शेगडी मांडायला मनाई. म्हणजे बाहेरही नाही. आणि बाहेर जेवावं तर तिथल्या जवळजवळ प्रत्येक रश्शात माशाच्या कापाचा अर्क असतो. उडोनचं सूप काय, मिसो काय, भाज्यांच्या उकडीतसुद्धा. शाकाहारी माणसाने हा खेळ रोज तीनदा खेळणं अवघड आहे.

तोडगा आईंनी काढला. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅम्पिंगचं मैदान, तिथे बाहेर शेगडी मांडायला परवानगी. त्या रात्री बुटेनच्या डब्यावर चालणारी शेगडी गवतावर ठेवून मोहरी, हिंग, हळद, लाल मिरचीची बचकभर फोडणी करायची आणि गार झाल्यावर बरणीत भरायची. पुढचे तीन दिवस गाडीत फक्त भात शिजवायचा आणि वरून चमचाभर फोडणी. जपानी तांदूळ चिकट, त्यामुळे दहीभात आणि मेतकूट-भात असा झाला की आई म्हणाल्या, "आंबेमोहोराचा विसर पडेल बाई." त्या मे महिन्यात जपानात तांदळाचे भाव कडाडले होते, पाच किलोची पिशवी सरासरी 4,200 येनच्या वर गेलेली. चहूकडे भाताची खाचरं आणि पिशवीवर सोन्याचा भाव, असं ते विचित्र चित्र होतं.

कुकरचं गणित मात्र चुकलं. पहिल्या मैदानावर संध्याकाळी सातची वेळ, आजूबाजूला आठ-दहा तंबू, सगळे हलक्या आवाजात बोलणारे. आणि आमच्या कुकरने पहिली शिट्टी दिली. शेजारच्या तंबूतून एक गृहस्थ विजेरी घेऊन धावत बाहेर आले. दुसऱ्या शिट्टीला आईंनी शेगडी बंद केली आणि डाळ तशीच झाकून ठेवली. नंतर आम्ही शिट्टीच्या आधी आच मंद करायला शिकलो. वेळ दुप्पट लागतो, गॅसही जास्त जातो.

दुसरा तिढा आंघोळीचा. व्हॅनमध्ये न्हाणीघर नव्हतं, त्यामुळे प्रत्येक मुक्कामापासून 15 मिनिटांत सार्वजनिक स्नानगृह हवं होतं. तोहोकूत गरम पाण्याच्या झऱ्यांना तोटा नाही. अडचण अशी की तिथे कपडे सगळेच उतरवून, स्टुलावर बसून, आधी अंग स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचं. आईंनी पुण्यातच जाहीर केलं, "मी नाही बाई." म्हणून तक्त्यात तासावर भाड्याने मिळणाऱ्या खासगी कुंडांची वेगळी यादी होती. पहिले काही दिवस ती वापरली. मग अकिता प्रांतातल्या किसाकाताला आलो.

किसाकाता हे या वाटेवरचं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. पूर्वी इथे खाडी होती, तिच्यात पाइन वृक्षांची छोटी छोटी बेटं. कवी बाशो 1689 साली इथे आला तेव्हा त्याने पाणीच पाहिलं. 1804 च्या भूकंपात तळ दोन मीटरच्या वर उचलला गेला, खाडी आटली आणि बेटं शेतात उभी राहिली. वर्षभर ती नुसत्या टेकड्या दिसतात. लावणीच्या दिवसांत खाचरं पाण्याने भरली की दोन-तीन आठवडे ती पुन्हा बेटं होतात, पाठीमागे 2,236 मीटर उंचीचा बर्फाळ चोकाई डोंगर. आम्ही बांधावरून चालत होतो. एक म्हातारे गृहस्थ लावणीचं छोटं यंत्र चालवत एका 'बेटा'ला वळसा घालून गेले, होडी वळवावी तसे.

तिथल्या मिची-नो-एकीच्या चौथ्या मजल्यावर समुद्राकडे तोंड करून स्नानगृह आहे. खासगी कुंड नव्हतं आणि आईंना तर तीन दिवसांचा शीण आला होता. त्या माझ्याबरोबर आत आल्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता एक बादली गरम पाणी त्यांच्या पाठीवर ओतलं आणि स्वतःच्या गुडघ्याला हात लावून तोंड वाकडं केलं. गुडघ्यांची ओळख पटली. अर्ध्या तासाने आई लालबुंद होऊन कुंडाबाहेर आल्या. "लहानपणी ओढ्यावर बायका न्हायच्याच की," एवढंच म्हणाल्या. खासगी कुंडांची यादी त्या दिवसापासून मी उघडलीच नाही.

तिथवर पोहोचण्याआधीचे दोन मुक्काम सांगायला हवेत. पहिला निइगाता प्रांतातला तोकामाची. हिवाळ्यात इथे पुरुषभर बर्फ पडतं. या बर्फाच्या मुलखात, बंद पडलेल्या एका शाळेत, 1982 पासून मिथिला संग्रहालय आहे. मधुबनीसोबत तिथे वारली चित्रांचा मोठा संग्रह आहे. नकाशात ते सापडलं तेव्हाच रस्ता निइगातावरून जाणार हे पक्कं झालं. आई एका चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल फिरत गेलेली माणसं. "हे आमच्या गंजाडच्या बाजूचं," त्यांनी तिथल्या बाईंना मराठीतच सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

दुसरा हागुरो पर्वत. जपानी सुगी वृक्षांच्या रांगेतून 2,446 दगडी पायऱ्या. आई पायथ्याच्या पाच मजली पॅगोडापर्यंत आल्या आणि परतल्या, वर गाडीरस्ता आहे हे आम्ही आधीच पाहून ठेवलं होतं. यात्रेकरूंच्या निवासात रात्र काढली. तिथे साधूंच्या पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं: रानभाज्या, तिळाचं तोफू, बांबूचे कोंब. 22 दिवसांत आईंनी विचारपूस न करता खाल्लेलं ते एकमेव बाहेरचं ताट.

वर चढताना दिवस हलके ठेवले होते आणि ते बरं झालं. ओगाता गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे. जपानातलं दुसऱ्या क्रमांकाचं सरोवर आटवून ते वसवलं आणि तिथे 3.776 मीटर उंचीची एक टेकडी बांधली, खऱ्या फुजीच्या बरोबर हजारावा भाग. तिचा माथा म्हणजे समुद्रसपाटी. पुढे फुकाउराला समुद्राच्या खडकांतलं तांबूस पाण्याचं कुंड, बायकांसाठी वेगळा आडोसा. बाहेरून येणाऱ्यांना ते दुपारपर्यंतच, म्हणून तिथल्या हॉटेलातली रात्र मुद्दाम घेतली होती.

त्सुगारू द्वीपकल्पावर नियोजन दोनदा आपटलं. एका मंगळवारी स्नानगृहाच्या दारावर पाटी: आज साप्ताहिक सुट्टी. वेळा लिहिल्या होत्या, सुट्टीचा वार लिहायचा राहिला होता. पातेल्यात पाणी तापवून टॉवेलने अंगं पुसली. नंतर ताप्पी टोकाला वारा असा सुटला की कॅम्पिंगचं मैदान बंद. त्या टोकाला 339 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा एक तुकडा म्हणजे निव्वळ 362 पायऱ्या. तो पाहायला नवरा उतरला आणि टोपी गमावून परत आला. ती रात्र शेवटी मिची-नो-एकीत डुलकी घेत काढली. आईंना रात्री दोनदा उठावं लागतं म्हणून गाडी स्वच्छतागृहाजवळ लावली, आणि माल गार ठेवणारा एक ट्रक रात्रभर आमच्या उशाशी घरघरत राहिला. उशिरा कळलं की मुरलेले लोक ट्रकांपासून लांबचा कोपरा धरतात आणि चालत जातात.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते. रस्त्यावर कुंड्या नसतात. बाटल्या आणि दुधाचे खोके सुपरमार्केटच्या दारातल्या पेट्यांत जातात, बाकीचं आरव्ही पार्कात पैसे भरून. चहाचा चोथा आणि भाज्यांची सालं दोन-तीन दिवस गाडीतच. बाहेर ठेवण्याचा प्रश्न नव्हता, या डोंगरांत अस्वलं आहेत. आम्ही चोथा वर्तमानपत्रावर पसरून समोरच्या काचेपाशी उन्हात वाळवायचो.

पॅसिफिकची बाजू वेगळी निघाली. सेंदाई ते हाचिनोहे सानरिकू किनाऱ्याचा 359 किलोमीटरचा रस्ता 2021 मध्ये पूर्ण झाला, बहुतेक सगळा बिनटोलचा. त्यावरून दोन दिवसांत खाली येता आलं असतं. आम्ही सहा दिवस ठेवले होते आणि जुन्या 45 क्रमांकाच्या रस्त्याने उतरलो. त्या रस्त्यावर निळ्या पाट्या लागतात: त्सुनामीने बुडालेला भाग इथून सुरू. थोड्या वेळाने: इथे संपला. मग पुन्हा सुरू. पुण्यात बसून मी मुक्काम निवडले तेव्हा समुद्र दिसेल अशा जागा हौसेने शोधल्या होत्या. मियाकोजवळच्या अनेयोशीत 1933 च्या त्सुनामीनंतर बसवलेला एक दगड आहे, 'याच्या खाली घर बांधू नका' असं सांगणारा. 2011 ची लाट त्याच्या थोडी खालीच थांबली. तो पाहून आलो आणि रात्री गाडीत आई म्हणाल्या, "आपण आत्ता पाटीच्या वर आहोत का खाली?" खाली होतो. पुढच्या तीन रात्रींपैकी दोन जागा फोन करून बदलल्या. फोन अर्थात भाऊजींनी केले.

31 मेला व्हॅन परत दिली. टाकी भरलेली, कचरा रिकामा. मागच्या बंपरवर एक ओरखडा होता. तो एका सुपरमार्केटच्या खांबाचा. तेव्हाच पोलिसांना कळवून नोंद करून घेतली होती, कारण त्या नोंदीशिवाय विमा लागत नाही. ताब्यात घेणाऱ्या तरुणाने ओरखडा मोजला, कागद पाहिला, मान डोलावली. मग मागचं दार उघडून तो आत वाकला आणि तसाच थांबला. आईंनी माझा हात धरला.

तो बाहेर आला तो छोटा खण काढूनच. भाऊजींना त्याने काहीतरी विचारलं. भाऊजी म्हणाले, "विचारतोय, औषध आहे का?"

"हो म्हणून सांग," आई म्हणाल्या.

त्याने हिंगाची डबी एका पारदर्शक पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोनदा दाबून बंद केलं आणि दोन्ही हातांनी आईंना परत दिली.